धावणाऱ्याची वही

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पहाटेचे सहा वाजलेले, थंडी नुकतीच पडू लागलेली, आणि बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली आम्ही दोन म्हातारे आपापला मोबाईल समोर धरून भांडत होतो. माझ्या मोबाईलने त्या दिवशीचे अंतर ४.८६ किलोमीटर दाखवले होते. अण्णांच्या मोबाईलने ५.२१. दोघे एकाच वेळी निघालो, खांद्याला खांदा लावून धावलो (धावलो म्हणजे आमच्या वयात जेवढे धावता येते तेवढे) आणि एकाच बाकावर येऊन बसलो. तरी साडेतीनशे मीटरचा फरक.

"सर, तुमचा फोन आळशी आहे," अण्णा म्हणाले.

"आणि तुमचा थापाड्या."

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. मातृभाषा कानडी, पण बेळगावात जन्म गेल्याने मराठी तुमच्या-माझ्यासारखे. आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जुळवलेला माणूस. त्यांना साडेतीनशे मीटरची तफावत रात्री झोपू देईना. मला साखरेमुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलेले, चालण्याचे हळूहळू धावणे झाले, आणि पुण्याहून आलेल्या मुलीने "बाबा, नोंद ठेवत जा" म्हणून मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिले. माझ्या दृष्टीने तो करमणुकीचा मामला होता.

तो करमणुकीचा राहिला नाही, याला कारण आमच्या गल्लीतला एक मुलगा.

सीमाभागातल्या वाचकांना हा मुलगा मी न सांगता दिसेल. प्रत्येक गावात असे दहा-वीस असतात. बारावी झालेली, शेत असले तर दोन-तीन एकर, घरातला कोणी काका किंवा आजा फौजेत होऊन गेलेला, आणि पहाटे चार वाजल्यापासून रस्त्यावर पळण्याचा सराव. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे गणवेश डोळ्यांसमोर रोजच. भरतीच्या मैदानावर पहिली चाळणी धावण्याची: सोळाशे मीटर. त्यात मागे पडला तर उरलेल्या गोष्टी कोणी विचारीतच नाही.

हा मुलगा सहा महिने सराव करीत होता. मोबाईल दंडाला बांधायचा, घरापासून निघायचे, आणि ॲपने सोळाशे मीटर झाल्याचे सांगितले की थांबायचे. वेळ यायची पाच मिनिटे बत्तीस सेकंद. वेळ पुरेशी होती. घरात सगळे निश्चिंत. आणि भरतीच्या मैदानावर वेळ संपली तेव्हा हा शेवटच्या सरळ पट्टीत होता, रेषेपासून साठएक मीटर मागे.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. माझा जुना विद्यार्थी नव्हे, पण गल्लीत सगळे मला सरच म्हणतात. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मोबाईलवर तर बरोबर येऊलालंय की. मग तिथं काय झालं?"

घाबरला असशील, झोप झाली नसेल, मैदान मऊ असेल, असली उत्तरे माझ्याजवळ होती. पण मला आमचे साडेतीनशे मीटर आठवले, आणि मी गप्प बसलो. इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. आकडा दिसला की तो विचारतो, हा कोणी मोजला, आणि कशाने?

माझी आजी सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीने जात असे. वाट किती, असे विचारले तर ती कोस सांगत नसे, मुक्काम सांगे. आपल्या जुन्या पत्रांतून 'मजल दरमजल' असते तेही त्यातलेच. अंतर म्हणजे माणसाच्या आणि बैलाच्या दमाचे माप. कोसाला नाव एक असले तरी लांबी मुलखागणिक वेगळी होती. ज्याला सारा वसूल करायचा किंवा फौज न्यायची, त्याला मात्र असले सैल माप चालत नाही. अकबराच्या काळी जमीन मोजण्याची दोरी अंबाडी-तागाची असे. ती भिजली की आखडे आणि सुकली की ढिली पडे, आणि मोजणारे या गुणाचा फायदा घेत. म्हणून इ.स. १५७५ च्या सुमारास तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले, असे 'आईन-इ-अकबरी'त नोंदले आहे. कंपनी सरकारच्या मोजणीदारांकडे हाताने ढकलायचे चाक असे. चाकाच्या फेऱ्या तबकडीवर उमटत. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट समान होती. साधन हवेने, उन्हाने, हाताने बदलते हे त्यांना ठाऊक होते आणि ते साधनावर पहारा ठेवीत. आम्ही मोबाईलवर पहारा ठेवला नव्हता.

खुद्द धावण्याच्या शर्यतींचे अंतर तरी नेमके होते का? इथे आपल्या बेळगावचा एक माणूस मध्ये येतो, आणि त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव आज आपल्या मुलांना विचारून पाहा. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिक भरले, तेव्हा हिंदुस्थानचा पहिला चमू तिथे गेला. त्यामागे सर दोराबजी टाटा होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना त्यांनी तिथल्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी, शास्त्रोक्त शिक्षण काही नाही; पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. ही हकीकत टाटांनी स्वतः पुढे १९२९ साली एका पत्रात लिहून ठेवली. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या मदतीने परवानगी मिळाली आणि निवड झाली. धावणाऱ्यांत बेळगावचे चौगुले, साताऱ्याचे दातार, हुबळीचे कैकाडी. म्हणजे हिंदुस्थानच्या पहिल्या ऑलिंपिक चमूत आपल्या या पट्ट्यातली माणसे होती. तेव्हा हा सारा भाग मुंबई इलाख्यात होता.

२२ ऑगस्ट १९२० रोजी चौगुले मॅरेथॉन धावले. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत. विजेत्याच्या मागे अठरा मिनिटे. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

यापुढची गंमत मला या वयात, त्या मुलाच्या प्रश्नामुळे कळली. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची नव्हतीच. ती ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. १८९६ साली अथेन्सला सुमारे ४० किलोमीटरचे अंतर होते, १९०४ साली सेंट लुइसलाही तेवढेच. १९०८ साली लंडनला विंडसर वाड्यापासून निघून मैदानातल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायचे ठरले, तेव्हा ते २६ मैल ३८५ यार्ड भरले. १९१२ साली स्टॉकहोमला पुन्हा कमी. जिथे शर्यत तिथे तिचे माप. १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने लंडनचेच अंतर कायम केले, आणि १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये ते पाळले जाऊ लागले. चौगुले धावले ते त्याच्या आदल्या वर्षी.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चौगुल्यांचा वेग निघतो किलोमीटरला तीन मिनिटे एकोणसाठ-साठ सेकंद. बेळगावकडच्या एका माणसाने, शंभर वर्षांपूर्वी, परमुलखात, बेचाळीस किलोमीटर सतत हा वेग ठेवला. आज ज्याच्या मनगटावर शंभर गोष्टी दाखवणारे घड्याळ आहे त्याने हे एकच किलोमीटर करून पाहावे. जादा धावलेल्या ५५५ मीटरना त्या वेगाने दोन मिनिटे तेरा सेकंद लागतात. म्हणजे आजच्या अंतरावर त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे आणि काही सेकंद झाली असती. पण नोंदीत २:५०:४५ आहे आणि तीच राहणार. ही सव्वादोन मिनिटे त्यांना कोणी परत दिली नाहीत. ती मिळाली असती तरी क्रमांक बदलला नसता, हेही खरेच. बाकीचेही तेवढेच धावले होते. तरीही मला वाईट वाटले. मुलगा साठ मीटर कमी धावून घरी बसला होता आणि चौगुले साडेपाचशे मीटर जास्त धावून विस्मृतीत गेले होते.

असो. पुढे मॅरेथॉनचे अंतर कागदावर ठरले तरी रस्त्यावर ते मोजायचे कसे, हा प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत होता. मोटारीच्या काट्यावर भरवसा नाही, साखळीने बेचाळीस किलोमीटर मोजणे वेळखाऊ. उत्तर सापडले ते सायकलीत. इंग्लंडचे जॉन ज्युवेल यांनी १९६१ साली आणि अमेरिकेचे टेड कॉर्बिट यांनी १९६४ साली ही पद्धत मांडली; कॉर्बिट स्वतः ऑलिंपिक मॅरेथॉन धावलेले. आधी पोलादी टेपने सरळ रस्त्याचा एक तुकडा काटेकोर मोजायचा. त्यावर सायकल चालवून चाकाच्या किती फेऱ्या होतात ते पाहायचे. मग शर्यतीचा मार्ग त्याच सायकलीने, त्याच माणसाने मोजायचा, आणि शेवटी पुन्हा त्या तुकड्यावर येऊन सायकल तपासायची, कारण दिवस चढला की टायरातली हवा फुगते आणि फेऱ्या कमी भरतात. अकबराच्या दोरीचाच हा भाऊबंद! १९७१ साली ॲलन जोन्स या अमेरिकन गृहस्थांनी पुढच्या चाकाला लावायचा मोजक तयार केला. आजही जगभर शर्यतींचे मार्ग याच जातीच्या मोजकाने मोजतात, उपग्रहांनी नाही. आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात.

हा जादा मीटर किती मोलाचा, ते न्यूयॉर्कला कळले. १९८१ साली तिथे अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. पुढे मार्ग पुन्हा मोजला तो सुमारे दीडशे मीटर कमी भरला, आणि उच्चांक गेला.

एवढे वाचून झाल्यावर मी माडीवरून माझी जुनी सायकल खाली काढली.

रविवारची पहाट. अण्णा, मी आणि तो मुलगा. गावाबाहेरच्या एका सरळ रस्त्यावर तीस मीटरची पोलादी टेप दहा वेळा टाकून तीनशे मीटर आखले. अण्णांनी प्रत्येक खूण दोनदा तपासली, बँकेची सवय. पुढच्या चाकाला पुठ्ठ्याची पट्टी लावली, दर फेरीला एकदा टक् वाजेल अशी. सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक असतात, त्यामुळे अर्धवट फेरी स्पोक मोजून धरता येते. एक स्पोक म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. तीनशे मीटरला भरल्या १३७ फेऱ्या आणि १२ स्पोक. मुलगा सायकलवर मोठ्याने मोजत होता, मी मागून स्कूटरवर दर शंभराला वहीत रेघ मारत होतो. रस्त्याने जाणारी दूधवाली मंडळी थांबून पाहत होती. आपला रस्ता रुंद होणार आणि पलीकडची घरे जाणार, असाच त्यांचा समज झालेला दिसला.

मग त्याचा रोजचा सरावाचा मार्ग मोजला. मोबाईलने सोळाशे सांगितलेला. भरला १५३८ मीटर.

मुलगा सायकल धरून उभा राहिला. मी सांगायच्या आधी त्यानेच हिशेब केला असावा. बासष्ट मीटर, त्याच्या वेगाने तेरा सेकंद. भरतीच्या मैदानावर तो जिथे मागे पडला होता ती जागा आणि हा आकडा यांत काही फरक नव्हता.

मोबाईल खोटे बोलला का? हे समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. जीपीएस ही अमेरिकन सैन्याची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला, १९९५ साली ती पुरी झाली. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत असतात; निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले, यावरून यंत्र आपली जागा काढते. पूर्वी सामान्य माणसाला मुद्दाम बिघडवलेला संदेश मिळे, शंभरेक मीटरच्या चुकीचा. १ मे २००० च्या मध्यरात्रीपासून अमेरिकेने ते थांबवले. ते थांबवले नसते तर धावण्याच्या ॲपचा जन्मच झाला नसता. पण आजही उघड्या आभाळाखाली दोन-चार मीटरची चूक असते, दाट झाडीखाली किंवा उंच भिंतींशेजारी त्याहून जास्त. आता असे समजा, तुम्ही सरळ धावता आहात आणि यंत्र दर सेकंदाला तुमची जागा थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे टिपते आहे. ते ठिपके जोडले की सरळ रेघेची नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेहून लांब असते. मुलाचा मार्ग झाडीतून जाई. न धावलेले मीटर त्याच्या खात्यावर जमा होत होते. उलट मोबाईल बॅटरी वाचवत असेल तर ठिपके दूर दूर पडतात, वळणे कापली जातात आणि अंतर घटते. माझ्या आळशी फोनचे तेच झाले होते. शिवाय हे ठिपके साफसूफ करण्याची प्रत्येक ॲपची रीत निराळी. एकाच मोबाईलवर दोन ॲप चालवली तरी आकडे जुळतीलच असे नाही.

तेव्हा ॲप निवडताना 'सर्वांत अचूक कोणते' हा प्रश्न आम्ही सोडून दिला. सोळाशे मीटरसाठी अचूक होती ती सायकल. मुलासाठी नवीन सोळाशे आखले, दर हजारी एक मीटर जादा धरून: ७३३ फेऱ्या आणि १३ स्पोक. दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाची रेघ. त्याच्या हाती साधे थांबघड्याळ दिले. पहिल्या दिवशी वेळ आली पाच मिनिटे सत्तेचाळीस सेकंद. मोबाईलने त्याला सहा महिने जी वेळ दाखवली तिच्यापेक्षा पंधरा सेकंद जास्त. पण या वेळी ती खरी होती.

आता माझा आणि अण्णांचा प्रश्न उरला. आम्हाला भरती व्हायचे नव्हते. आम्हाला वही हवी होती. आणि वही कुणाच्या कपाटात ठेवायची, हा इतिहासाच्या मास्तराच्या जिव्हाळ्याचा विषय.

पावले मोजण्याचे वेड जपानचे. १९६५ साली तिथे 'मानपो-केई' नावाचे कमरेला लावायचे यंत्र आले. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. रोज दहा हजार पावलांचा जो मंत्र आज डॉक्टरही देतात त्याचा उगम या नावात आहे. पुढे २००६ साली नाइकी आणि ॲपल यांनी बुटात ठेवायचा मापक आणला. २००८ साली जीपीएस असलेला आयफोन आला आणि त्याच वर्षी रनकीपर हे ॲप. डेन्मार्कचे एंडोमोंडो त्याच्याही वर्षभर आधीचे. २००९ साली ऑस्ट्रियाचे रनटॅस्टिक आणि अमेरिकेचे स्ट्रावा. पहिली काही वर्षे हौशी मंडळींची. मग बूट-कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आले की कोण कुठे किती धावतो, याची वही म्हणजे दुकान आहे. अंडर आर्मर कंपनीने २०१३ साली मॅपमायफिटनेस १५ कोटी डॉलरना घेतली, २०१५ साली एंडोमोंडो साडेआठ कोटींना. त्याच वर्षी आदिदासने रनटॅस्टिक २२ कोटी युरोंना घेतले. २०१६ साली रनकीपर असिक्सकडे गेले. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी एंडोमोंडो बंद झाले. ज्यांनी वेळेत आपल्या नोंदी उतरवून घेतल्या त्यांच्या राहिल्या.

दफ्तर एका कचेरीतून दुसरीकडे गेले की काय होते, हे आपल्या भागातल्या माणसाला मी सांगायला नको. उताऱ्यासाठी आपण सगळ्यांनीच खेटे घातले आहेत. मला तर मोबाईलवरही ते घालावे लागले. मुलीने घालून दिलेल्या त्या पहिल्या ॲपमध्ये (नाव सांगत नाही, भांडण संपले आहे) माझ्या चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. मोबाईल बदलला, जुना परवलीचा शब्द आठवेना, आणि चौदा महिने गेले. साखर उतरत गेली ते दिवस, पहिल्यांदा न थांबता तीन किलोमीटर झाले तो दिवस, सगळे त्यात होते. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात?" तिला काय सांगणार? आयुष्यभर मी मुलांना शिकवले की बखरीपेक्षा दफ्तर खरे. माझेच दफ्तर माझ्याजवळ नव्हते.

दुसरी बाजू याच्या उलट: वही हरवण्याची नव्हे, सगळ्यांना दिसण्याची. स्ट्रावाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. लोक जिथे जिथे धावले, सायकलवर गेले, त्या वाटा उजळलेल्या. नावे कुणाची नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधाऱ्या मुलखात काही चौकोन लख्ख उजळले आहेत. ते लष्करी तळ होते. शिपाई तळाच्या भिंतीला धरून सकाळी धावत, आणि त्यांच्या मनगटावरची घड्याळे तळाचा नकाशा काढत. बेळगावसारख्या छावणीच्या गावात, जिथल्या पोरांना उद्या त्याच तळांवर जायचे आहे, हे वाचताना मी जरा सावरून बसलो. पोरांचे राहू द्या. एकटी धावणारी मुलगी रोज किती वाजता कुठल्या घरातून निघते, हेही त्याच वहीत असते. ही गोष्ट मी पुण्याला फोन करून सांगितली. घराभोवतालचा भाग लपवण्याची आणि नोंद फक्त आपल्यापुरती ठेवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, पण ती आपण होऊन लावावी लागते. मुलीने ती लावली नव्हती.

एवढा विचार झाल्यावर मी माझ्यासाठी ओपनट्रॅक्स नावाचे ॲप घेतले. त्याचा इतिहास मला आवडला. २००९ साली गूगलने 'माय ट्रॅक्स' काढले आणि २०१६ साली बंद केले. पण त्याची मूळ संहिता सर्वांना खुली केलेली असल्यामुळे ती स्वयंसेवकांनी उचलली आणि हे उभे राहिले. वाडा पडला तरी वासे नव्या घराला लागले म्हणायचे. त्याला खाते लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही. नोंदी मोबाईलमध्येच राहतात आणि जीपीएक्स नावाच्या सर्वमान्य साच्यात बाहेर काढता येतात. हा साचा २००२ सालापासूनचा, दुसरी बरीच ॲप तो वाचतात. महिन्याच्या शेवटी मी त्या उतरवून घेतो. अंतर शेवटच्या दोन अंकांपर्यंत खरे मानत नाही. दिसायला ते अगदीच रुक्ष आहे, कोणी पाठ थोपटत नाही, आणि काही बिघडले तर विचारायला दुकान नाही.

अण्णांनी मात्र स्ट्रावाच ठेवले. मी त्यांच्यापुढे तळ, नकाशे, कंपन्या सगळे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मोबाईल काढून दाखवला. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. कामाच्या रगाड्यात आठ-आठ दिवस फोन होत नाही. पण रोज सकाळी अण्णांची नोंद चढली की पाच मिनिटांत त्याचा अंगठा उमटतो. "सर, त्याला कळतं, अप्पा आज उठले," अण्णा म्हणाले. अण्णांच्या घरी आता ते एकटेच असतात. मी पुढे वाद घातला नाही. फक्त त्यांच्या घराभोवतालचा भाग लपवून दिला आणि नोंद मुलाशिवाय इतरांना दिसणार नाही असे करून दिले. सहा लोकांचा अंगठा बंद झाला म्हणून ते दोन दिवस माझ्यावर रुसले होते.

मुलगा अजून सराव करतो. गेल्या महिन्यात त्याची वेळ पाच मिनिटे एकोणतीसवर आली. आता गल्लीतली आणखी सहा-सात पोरे, त्यांत दोन मुली, त्याच रेघांवर धावतात. कुणी आमच्या रेघेशेजारी आठशे मीटरची खूणही केली होती, ती मी तपासली नव्हती. गणपतीच्या आधी त्या रस्त्याचे नव्याने डांबरीकरण झाले आणि पांढऱ्या रेघा, आमची तीनशे मीटरची खूण, सगळे खाली गेले. पोरे म्हणाली, सर, अंदाजाने मारू की. मी नको म्हटले. टायर बदलले आहेत, तेव्हा तीनशे मीटरपासून सुरुवात करावी लागेल. अण्णा टेप घेऊन येणार आहेत. येत्या रविवारी, साडेपाचला.